पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख

मारोतराव पोस्टमास्तर कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. महिना बदलून गेला असला आणि जुनंच पान लटकत असलं, तर चपला दारात काढून सरळ आत जायचे, पान उलटायचे आणि मगच ओसरीवर येऊन टेकायचे. घरच्या बाईनं पाणी पुढं केलं की म्हणायचे, "श्रावण लागला बाई. तुमच्या घरात अजून आषाढच चालून राहिला." बाई पदर तोंडाला लावून हसायची. जुनी माणसं मात्र मास्तर दारात दिसले की जरा चरकायची. त्याला कारण होतं.

तारा यायच्या त्या काळातली गोष्ट. आमच्या डोंगरकडा गावात वाईट बातमीची तार आली तर मास्तर ती दुसऱ्या कुणाजवळ देत नसत, स्वतः घेऊन जात. गेल्या गेल्या हातात देत नसत. बसायचे, पाणी प्यायचे, पिकाचं विचारायचे, मग हळूच, "सगळ्यांची जेवणं झाली का?" झाली नसली तर तसेच बसून राहायचे. घरातल्या शेवटच्या माणसाच्या पोटात दोन घास गेले की खिशातून तार काढायचे. लोकांना हे इतकं पाठ झालं की पुढं पुढं मास्तरांनी नुसतं "जेवलात का?" विचारलं तरी बाया छाती बडवून घ्यायच्या. एकदा एका घरी नातू झाल्याची तार होती. मास्तर हौसेनं निघाले, आणि सवयीनं जेवणाचं विचारून बसले. आतून असा हंबरडा फुटला की गल्ली गोळा झाली. "अवो, पोरगं झालं, पोरगं!" म्हणून मास्तर ओरडत राहिले. कुणी ऐकून घेईना. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे, पण सांगताना हसायचे नाहीत. "लोक माझ्या तोंडाला भिऊन राहिले होते, बालाजी," एवढंच मला म्हणायचे.

त्यांची मुलगी संध्या पुण्याला असते. मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या आठवणींचं एक लहानसं पुस्तक काढायचंय, तुम्ही रोज बघत होता, तुम्ही लिहाच, असं तिनं मला फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो आणि टाळत राहिलो. कॅलेंडरचं लिहिलं, तारेचं लिहिलं, आणि पुढं पेन चालेना. माझी आई मास्तरांच्या हातून गेली असं गाव म्हणतं. संध्याही तेच धरून चालली आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं माझ्याजवळ आहे, आणि ते गाळून मास्तरांवर चांगलं चांगलं लिहिणं मला जमलं नाही. तेव्हा सगळंच लिहितो. छापायचं की नाही ते संध्यानं ठरवावं.

मी कळमनुरीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मास्तरांचं घर आणि माझं घर यांच्यात एक सामाईक भिंत. त्यांनी निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, तरी गावात ते पोस्टमास्तरच. कचेरीतला त्यांचा नियम अजून लोक सांगतात. सकाळचं पहिलं काम तारखेच्या शिक्क्याचं. चिमट्यानं कालचे आकडे काढायचे, आजचे बसवायचे, कोऱ्या कागदावर एक ठसा मारून तो उजेडाला धरून बघायचा. ते झाल्याशिवाय खिडकी उघडायची नाही, मग बाहेर सरपंच ताटकळो की फौजदार.

या शिक्क्यापायी त्यांनी एक घर तोडलं. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याच्या पोराचा नोकरीचा अर्ज होता. टाकायची मुदत आदल्या दिवशी संपलेली. मेव्हणा संध्याकाळी घरी आला आणि बहिणीला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, कमलमावशीला, त्यानं मध्ये घातलं. कालचा एक शिक्का मारायचा, एवढंच काम. मास्तर म्हणाले, "काल गेला तो गेला." मावशीनं चूल पेटवली नाही. मास्तर फुटाणे खाऊन झोपले, पण शिक्का मारला नाही. मेव्हण्यानं त्या दिवसापासून उंबरा सोडला. मावशी गेल्या तेव्हाही तो स्मशानात लांब एका बाभळीखाली उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. मी एकदा विचारलं, "मास्तर, वाईट वाटतं का?"

"वाटतं की."

"मग?"

"मग काय? मला वाईट वाटलं म्हणून काल वापस येतो काय?"

असा माणूस. सोपा नव्हता. भाजीवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी, माझ्याशी, सगळ्यांशी तंटा. पण भांडण झालं की दुसऱ्या दिवशी तेच आधी हाक मारायचे.

संध्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना वडिलांना आणून दिला. आम्हाला वाटलं, फडकं घालून ठेवतील. पण मास्तरांना त्यात एक गोष्ट सापडली. पाकिटावरचा नंबर टाकला की टपाल कुठपर्यंत पोचलं ते दिसतं. मग काय, गल्लीत कुणाचं काही यायचं असलं की नंबर आधी मास्तरांकडं. संध्याला फोन करायचे, "तुझं रजिस्टर काल दुपारीच तुझ्या हद्दीत आलंय. दारात काहून न्हाई आलं? घरी नव्हतीस का?" समोरच्या शमीमआपा शिवणकाम करतात. त्यांची लेस सुरतेहून यायची.

"आपा, तुमची लेस परवा निघाली. काल नागपुरात होती, आज उलटी जळगावला गेली."

"या अल्ला! काहून?"

"लेसलाच विचारा."

"मास्टर, तुमारे टाइम में ऐसा होता था क्या?"

"आमच्या टायमाला लेस नव्हती, आपा. सरळ टाके घालत होते लोक."

एके दिवशी मी शाळेतून आलो तर मास्तर ओट्यावर माझी वाटच बघत होते, लालबुंद. "बालाजी, साइट उघडून न्हाई राहिली. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. माझ्याच घरात बसून मलाच सांगून राहिली!"

जाऊन बघितलं. साध्या एकदोन साइट उघडत होत्या. ज्यांच्या नावाआधी कुलपाचं चित्र असतं, त्यातली एकही उघडत नव्हती. वायर बघायच्या आधी मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं एक जानेवारी होती, आणि साल ते, ज्या साली ते यंत्र कारखान्यातून निघालं असेल. बाहेर ऊन तापलेलं. दोष सापडला. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तारीख तो सांभाळतो. तो मेला होता. त्यात मास्तर झोपताना घराची मेन बंद करायचे, ही त्यांची कचेरीतली सवय. त्यामुळं यंत्र रोज रात्री सगळं विसरायचं आणि सकाळी त्याच एका जानेवारीत जागं व्हायचं.

मी समजावलं, "मास्तर, या साइटजवळ एक प्रमाणपत्र असतं. त्याला मुदत असते, अमक्या तारखेपासून तमक्या तारखेपर्यंत. तुमचा कॉम्प्युटर ते तपासतो. त्याच्या हिशेबानं आज जे साल आहे, त्यात हे प्रमाणपत्र जन्मलेलंच नाही. म्हणून तो आत घेत नाही."

मास्तर खुर्चीवरून पुढं झुकले. "म्हंजी टपालावर पुढच्या सालचा शिक्का."

"तसंच."

"मग बराबर करून राहिला त्यो! आमी बी घेतलं नसतं." आणि त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. यंत्राकडं ते पहिल्यांदाच आपल्या खात्यातल्या माणसाकडं बघावं तसं बघत होते.

मी म्हणालो, सेल बदलून देतो, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, "नको."

"काहून?"

"रोज सकाळी तारीख मीच बसवीन की. हाताला दुसरं काय काम राहिलंय?"

मी हसलो आणि तारीख कशी बदलायची ते दाखवलं. त्या दिवसापासून सकाळी मी दाढी करताना भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत बसवायचे. वार, तारीख, महिना, साल. मग थोडा वेळ शांत. मग, "बराबर." आमच्या घरातही तोच दिवस सुरू व्हायचा. आईला लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तरी तो आवाज आला की ती डाव्या हातानं खाटेच्या कडेवर टकटक करायची. ऐकलं, असं सांगायची.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी पंचाईत झाली. बायको साखरा गावी शाळेवर शिक्षिका, शनिवारी यायची. पोरं शिकायला नांदेडला. सकाळचं मी करायचो, अंग पुसायला शमीमआपा यायच्या, पण दुपारी आईला शुगरची गोळी देऊन घास भरवायला कुणी नव्हतं. बाई ठेवून बघितली, दोन महिन्यांत सोडून गेली. मास्तर स्वतःहून आले. आईपेक्षा ते थोडे लहान, आईला आक्का म्हणायचे. म्हणाले, "दुपारचं माझ्याकडं. फक्त गोळी कोणती ते दाखवून ठेव." मी पैशाचं काहीतरी बोललो तर भडकले. "मी तुझ्याकडं चाकरीला येऊन राहिलो काय?" मग रोज दुपारी ते यायचे. भाकरी दुधात कुस्करून भरवायचे आणि आईला सगळ्या गल्लीची टपालं कुठं कुठं अडकलीत ते सांगायचे. आई हसायची. लकव्यानंतर तिचं हसू वाकडं झालं होतं. ते बघून मला कसंतरी व्हायचं, पण मास्तर म्हणायचे, "आक्का आज खूश हाय." हे सगळं दीड-दोन वर्षं घड्याळाच्या काट्यावर चाललं. मी शाळेत निर्धास्त असायचो. हे मुद्दाम लिहितोय. पुढचं त्याच्यावर उभं आहे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर मास्तरांनी मला पुन्हा हाक मारली. "साइट उघडून न्हाई राहिली." मी तसाच गेलो, कोपऱ्यात बघितलं. तारीख त्या दिवसाचीच, महिनाही तोच. साल मात्र वीसेक वर्षं मागचं.

पहिल्यांदा वाटलं, सेल. पण सेल मेला की यंत्र नेहमी त्याच एका जानेवारीत जातं. हे साल त्याच्या पोटात नाहीच, यंत्र तेव्हा जन्मलेलंही नव्हतं. हे साल कुणीतरी हातानं घातलं होतं. त्या साली कमलमावशी जिवंत होत्या, मास्तर नोकरीत होते, संध्या शिकत होती.

"मास्तर, साल चुकलंय."

"न्हाई. सकाळीच बसवलंय मी. बराबर हाय."

 ते पडद्याकडं बघत होते, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, मग माझ्या तोंडाकडं. माझ्या तोंडावर काय होतं मला ठाऊक नाही, पण त्यांना ते दिसलं. आयुष्यभर लोकांच्या दारात तार घेऊन गेलेला माणूस तो, त्याला बघणाऱ्याचं तोंड वाचता येत होतं.  म्हणाले, "सेल गेला असंल त्यो."

"व्हय मास्तर," मी म्हणालो. "सेलच."

"संध्याला काही सांगू नको. उगं जीव टांगणीला लावून घेती. उद्याच्या उद्या घेऊन जाईल मला."

"नाही सांगत."

इथपर्यंत कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाची लाज राखली. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात मास्तरांची लाज नव्हती. माझ्या डोक्यात दुपार होती. संध्या मास्तरांना घेऊन गेली तर आईचं दुपारी कोण करणार? परीक्षा तोंडावर होत्या, रजा शिल्लक नव्हती. मी उभ्या उभ्या हा हिशेब केला आणि मग "नाही सांगत" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नवा सेल बसवला. तेवढ्यावर थांबलो नाही. तारीख आपोआप इंटरनेटवरून येईल असं करून ठेवलं, आणि ती हातानं बदलता येऊ नये म्हणून पासवर्ड घातला. मास्तरांच्याच घरातल्या यंत्रावरचा मास्तरांचा हक्क मी काढून घेतला. यंत्र दुरुस्त झालं, सगळ्या साइट उघडायला लागल्या. जे एकच ठिकाण बिघाड दाखवत होतं, त्याचं तोंड मी बंद केलं.

दोनचार दिवसांनी त्यांनी मला ओट्यावरून विचारलं, "बालाजी, तारीख बदलायला गेलो तर हे माझं ऐकून न्हाई राहिलं."

"नवी पद्धत आहे मास्तर. आता तारीख वरूनच येते."

"वरून म्हंजी? हेड ऑफिसातून?"

"हां. तिथूनच."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. वरून आलेल्या हुकमाशी त्यांनी कधी तंटा केला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येईना. आई सकाळी डावा हात खाटेच्या कडेवर ठेवून वाट बघायची. मी रेडिओ लावून द्यायचो.

त्या हिवाळ्यात खुणा काही कमी नव्हत्या. एकाच जुन्या पाकिटाचा नंबर ते रोज टाकून बघायचे आणि रोज नव्यानं म्हणायचे, "पोचलं!" शमीमआपा मला म्हणाल्या, "भैया, मास्टर कल मेरेकू पूछ रहे थे, तुमारी शादी कब है. मेरे पोती की शादी हो गयी!" आणि हसल्या. मीही हसलो. संध्याचा फोन आला, "दादा, बाबा मला काल विचारत होते, कितवीला आहेस. मस्करी करतात की काय कळत नाही."

"मस्करीच गं. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक नाही का?"

"तब्येत ठीक आहे ना?"

"ठणठणीत. रोज दुपारी आईला जेवू घालतात."

"तुम्ही शेजारी आहात म्हणून मी निर्धास्त आहे, दादा."

संध्या, ही तुझी वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात, आणि माझीही.

त्या दिवशी मी वर्गात होतो. शमीमआपांचा फोन आला. "भैया, जल्दी आव. अम्मा पसीना पसीना हो गये, आँख नै खोल रहे." मी मोटारसायकल कशी आणली ते सांगता येत नाही. घरात शिरलो तर आईची साडी घामानं भिजून अंगाला चिकटलेली. आपा तिच्या ओठांना साखरेचं पाणी लावत होत्या, ते गालावरून ओघळत होतं. आणि मास्तर खाटेशेजारी स्टुलावर ताठ बसलेले, एका हातात पाण्याचा चमचा, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट.

मला बघून त्रासिक आवाजात म्हणाले, "बघ की बालाजी. आक्का आज ऐकून न्हाई राहिल्या. सकाळपास्नं दुपारची गोळी घ्या म्हणून राहिलो, तोंड मिटून घेतलंय. मघाशी मोठ्या मुश्किलीनं घेतली. आता पुन्हा न्हाई म्हणतात."

पाकिटातल्या बहुतेक गोळ्या गेल्या होत्या. घास भरवायची वाटी कोरडी होती. आपा म्हणाल्या, मास्टर सकाळपासून दोनदा-तीनदा तुमच्या घरात शिरताना मला रस्त्यापलीकडून दिसले, मला वाटलं बसायला येऊन राहिले. माझ्या आईला बोलता येत नव्हतं. तिच्याजवळ एकच उपाय होता, तोंड मिटून घेणं. तो तिनं करून बघितला होता. मास्तरांनी तिला गोडीगुलाबीनं समजावलं असणार. ते तिला कधी ओरडत नसत.

जीपमधून नांदेडला नेली. साखर इतकी खाली गेली होती की सलाइन लावूनही ती नीट वर आली नाही. तरुण डॉक्टर होता, रागावलेला. म्हणाला, "गोळ्या देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही हे घरच्यांना माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

माझी बायको शेजारी उभी होती. तिलाही मी तेच सांगितलं होतं. आई पुन्हा शुद्धीवर आली नाही.

गावात पहिल्यांदा दबक्या आवाजात आणि मग उघड बोलणं सुरू झालं. पारावर कुणीतरी म्हणालं, "पोस्टमास्तरानं म्हातारी पोचवली." त्याला बाकीचे हसले. मी तिथून जात होतो, थांबलो नाही. ज्या घरांत कॅलेंडरची पानं उलटायला मास्तर जायचे, तिथं ते दिसले की आता बाया दार लोटून घ्यायला लागल्या. मास्तरांना कळायचं नाही. बंद दारापुढं उभे राहून हाका मारायचे. मग शमीमआपा जाऊन हाताला धरून घरी आणून सोडायच्या. त्या एकट्याच म्हणायच्या, "बूढ़े की क्या गलती?" आणि माझ्याकडं बघायच्या. त्यांना काही ठाऊक होतं असं नाही. पण मी मान खाली घालायचो.

आईचं तेरावं झाल्यावर संध्या आली. ती आधी आमच्याच घरी आली, वडिलांकडं नंतर गेली. आईच्या फोटोपुढं बसून रडली. मग उठली आणि सरळ माझ्या पायावर डोकं ठेवलं. "दादा, बाबांच्या हातून असं झालं. मी कोणत्या तोंडानं... रोज फोनवर बोलत होते मी, मला कळायला पाहिजे होतं. मी मुलगी असून मला कळलं नाही."

तेव्हा सांगायचं होतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणालो, "तुझी काय चूक? कुणालाच कळलं नाही. मास्तरांबद्दल माझ्या मनात काही नाही." तिनं माझा हात कपाळाला लावला. किती मोठं मन आहे तुमचं, म्हणाली.

म्हणजे मी तिला माफ केलं. ज्या गोष्टीची माफी मी मागायची, त्या गोष्टीची मी तिला दिली. आणि ती घेऊन ती गेली, पुढं वर्षभर घेऊन राहिली. दर पंधरा दिवसांनी फोन करून माझी चौकशी करायची, माझं दुःख विचारायची. मास्तर पुण्यात वारल्यावर पहिला फोनही तिनं मलाच केला.

संध्या, तुझ्या वडिलांचं साल चुकलंय हे मी दिवाळीनंतरच बघितलं होतं. आई गेली शिमग्याच्या आधी. मधे सबंध हिवाळा होता. तेवढ्यात तू त्यांना डॉक्टरकडं नेलं असतंस. माझी आई वाचली असती की नाही ते मला सांगता येणार नाही, पण मास्तर कुणाच्या मरणाचे धनी न होता गावातून गेले असते. लोक वेशीपर्यंत पोचवायला आले असते. मी सांगितलं नाही, कारण मला दुपारी माणूस पाहिजे होता. दुसरं काही कारण नाही. शोधून बघितलं.

मास्तरांना मी शेवटचं बघितलं ते ती त्यांना घेऊन गेली तेव्हा. गाडी सकाळी दारात लागली. पोचवायला मी आणि शमीमआपा, एवढेच. आपांनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या होत्या. मास्तर मागच्या सीटवर बसले होते, स्वच्छ दाढी केलेली, डोक्याला टोपी. आपण कुठं चाललो हे दर थोड्या वेळानं संध्याला विचारत होते. मी जवळ गेलो तसं त्यांनी काच खाली करायला लावली आणि माझं मनगट धरलं.

"बालाजी, मी जरा पोरीकडं जाऊन येतो. आक्काला म्हणावं राग धरू नका. तवर दुपारचं तू बघ."

संध्या पुढच्या सीटवरून मागं वळली होती. ती माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो म्हणून.

"बघतो, मास्तर," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं नाही. संध्यानं त्यांचा हात सोडवून घेतला, काच वर गेली, गाडी हलली. मास्तर काचेच्या आतून मला काहीतरी सांगत होते, ते ऐकू येत नव्हतं. म्हणून त्यांनी हातानं दाखवलं. दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं काहीतरी स्वतःच्या जिभेवर ठेवलं, आणि मग पाच बोटांनी घास. पुन्हा चिमूट, पुन्हा घास. गाडी वळेपर्यंत ते मला शिकवत होते.